निघू का?

दुभाष्याच्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की तोंडातून निघणारं ‘मी’ आपलं नव्हे. डॉक्टर म्हणाला, ‘मी तुमच्या मुलाला सकाळी तपासलं,’ तर दुभाषी बाईनंही तसंच म्हणायचं, ‘मी तुमच्या मुलाला सकाळी तपासलं.’ ‘डॉक्टर म्हणतात की’ असलं शेपूट लावायचं नाही. ऐकणाऱ्याचा सुरुवातीला गोंधळ उडतो. या गोष्टीतल्या आईचाही उडाला होता. पहिल्याच फोनवर तिनं मधेच अडवून विचारलं, “अहो बाई, तुम्ही कधी तपासलंत त्याला? तुम्ही डॉक्टरपण आहात का?” आता नियम म्हणजे नियम. दुभाषीनं तेही जसंच्या तसं इंग्रजीत डॉक्टरला विचारलं, ‘अहो बाई, तुम्ही डॉक्टरपण आहात का?’ खर्जातल्या आवाजाचा तो डॉक्टर क्षणभर गप्पच झाला.

या सवयीनं घरीदारी तिचं हसं व्हायचं. नळ दुरुस्त करणारा यायचा, नवऱ्याला म्हणायचा, ‘वॉशर गेलाय,’ आणि ही बाजूला उभी राहून पुटपुटायची, ‘वॉशर गेलाय.’ नवरा म्हणायचा, “अगं, मी बहिरा नाही झालो अजून.” ती ओशाळायची, पण मनातून तिला आपल्या सवयीचा अभिमान होता. दोन माणसांच्या मधे उभं राहायचं आणि कुणाला दिसायचं नाही, ही कला सगळ्यांना साधत नाही.

कचेरीत तर तिचं नाव होतं. तिथं काचेच्या दारांच्या खोल्यांची रांग होती. आत मऊ भिंती, एक टेबल, कानाला लावायचा फोन आणि एक माणूस. इस्पितळं, कोर्टं, शाळा तिथं फोन करायच्या आणि ज्या भाषेचा माणूस हवा तो जोडून मिळायचा. सगळ्यांवर एक साहेब होता. नंतर बसून तो सगळ्यांची संभाषणं ऐकायचा, म्हणून त्याला सगळे ‘कान’ म्हणत. कुणी कुणाला किती वेळा अडवलं, याचा तक्ता त्यानं भिंतीवर लावला होता. कारण दुभाष्याला एकच मोकळीक असते. बोललेलं कळलं नाही, तर संभाषण थांबवून ‘दुभाषी विचारते आहे’ असं म्हणता येतं. म्हणजे स्वतःचं बोलायचं तेसुद्धा शेजारणीबद्दल बोलावं तसं. कान त्या प्रत्येक वेळेची एक फुली मारायचा. आमच्या दुभाषीच्या ओळीत एकही फुली नव्हती. नवी पोरंपोरी आली की कान त्यांना तिच्या काचेपाशी आणून उभं करायचा. ती बघितलं न बघितल्यासारखं करायची आणि आतल्या आत फुगायची.

मराठीला त्या कचेरीत दोघीच होत्या. दुसरी बाळंतपणाला गेली, त्यामुळे त्या इस्पितळाचा प्रत्येक फोन हिच्याकडेच यायला लागला. एरवी दुभाष्याला गोष्टीचा मधला तुकडा मिळतो, पुढचंमागचं काही कळत नाही, आणि तेच बरं असतं. ही गोष्ट मात्र पहिल्यापासून तिच्या गळ्यात पडली.

मुलगा पंचविशीतला. परमुलखात एका शीतगोदामात माल उचलायची गाडी चालवायचा. छातीत कफ झाला, तो अंगावर काढला आणि फुप्फुसं भरली. आता तो बेशुद्ध होता आणि श्वास यंत्र देत होतं. आई दूर, आपल्या गावात, शिवणकामाच्या दुकानात. नवरा मागेच गेलेला, दुसरं मूल नाही. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते ती शिवायची. इस्पितळाचा फोन जोडेपर्यंत तिला तिष्ठत बसावं लागे, तेवढ्यात ती दोन शिवणी मारून घ्यायची. त्यामुळे दुभाषीला तिचा आवाज ऐकू यायच्या आधी मशीनचा पाय ऐकू यायचा.

आईपुढे एक पेच होता, आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं. मुलानं आजारी पडायच्या आधीच तिला बोलावून घ्यायची खटपट करून ठेवली होती. पासपोर्ट, तिकडं यायचा परवाना, सगळं. पण तो परवाना एकाच फेरीचा, महिनाभराचा. एकदा जाऊन परतलं की वर्षभर पुन्हा मागायचा नाही. आईनं पहिल्याच आठवड्यात हे डॉक्टरला समजावून सांगितलं.

“आत्ता आले, तर तो झोपलेला. मी खुर्चीत बसून नुसती बघत राहणार. महिना संपला की मला हाकलतील. आणि मग तो उठला, घरी गेला, त्याला उभं राहवेना, तर दोन घास भरवायला कोण आहे तिथं? आणि नाही आले, आणि त्याचं काही…” एवढं बोलून ती थांबली. “तर डॉक्टर, मला एवढंच सांगा. निघू का?”

दुभाषीनं ते इंग्रजीत नेलं. डॉक्टर म्हणाला, तो योग्य दिशेनं चाललाय, त्याला रस्त्यानं अजून थोडं पुढं जाऊ द्या.

हा डॉक्टर मोठा गोड माणूस होता. कधी घाई नाही, कधी आवाज चढवणं नाही. अशा गोड माणसांपासून जिवाला जास्त धोका असतो, हे आपल्याला फार उशिरा कळतं. त्याच्या बोलण्यात आजार असा नसायचाच, असायचा तो रस्ता. इंग्रजीला अंतराचं भारी वेड आहे. तिथं आजारी माणूस अंथरुणावर पडून बरा होत नाही, तो कुठून तरी कुठं तरी चाललेला असतो. ‘खूप लांब आला’ म्हणजे शाबासकी. ‘अजून खूप लांब जायचंय’ म्हणजे जपून राहा. ‘पोचतोय आपण’ म्हणजे आम्हालाही माहीत नाही. जे होणार नाही ते लांब, जो ऐकत नाही तो मैलभर दूर, आणि ज्यानं नाव काढलं तोही लांबच आलेला. एकाच शब्दानं पाठ थोपटायची आणि त्याच शब्दानं हात झटकायचे. आपल्याकडेही मजल मारतात, पल्ला गाठतात, नाही असं नाही. पण माणूस खाटेवर असला की आपण विचारतो, उतार पडला का? जिवावरचं टळलं का? आणि नसेलच टळलं, तर कुणीतरी जाणतं माणूस बाजूला घेऊन सांगतं, आता काही खरं नाही, बोलावून घ्या सगळ्यांना.

डॉक्टर ताकास तूर लागू देत नव्हता, आणि तेही एकही खोटं वाक्य न बोलता. दुभाषी त्याच्या प्रत्येक वाक्याला मराठीत जागा करून देत होती. तिचा हात त्यात फार चांगला. पहिल्या पंधरवड्यात यंत्राचा जोर जरासा कमी करता आला, तेव्हा डॉक्टर म्हणाला, तो खूप लांब आलाय. तिच्या तोंडून आपसूक निघालं, “चांगलीच मजल मारलीय त्यानं.” शब्द चुकला म्हणता येणार नाही. कानानं तर ते वाक्य नव्या पोरांना ऐकवलं. पण आईच्या कानात ते कसं पडलं ते बघा.

“मारणारच!” आई म्हणाली. “लहानपणापासून हट्टी आहे. सायकल शिकताना गुडघे फोडून घेतले, पण उतरला नाही.” आणि हसली. त्या दिवशी तिनं विचारलं, “मग थांबू ना? उठला की येते. तेव्हाच माझा उपयोग.” डॉक्टर म्हणाला, आपण पोचतोय. दुभाषी म्हणाली, “पोचतोय आपण.” मशीनचा पाय पुन्हा सुरू झाला, आणि दुभाषीला वाटलं, आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

मग एक पाऊल मागे पडलं. त्यानंतर दुसरं पडलं. डॉक्टरनं ‘दोन पावलं पुढं, एक मागं’ असं म्हणून बघितलं, पुढं पुढं तेही म्हणेना. आता तो म्हणायचा, जिथं असायला हवं होतं तिथं आपण नाही. वळण आलंय. चढ आहे. रोज नवा रस्ता. आई रोज विचारायची, निघू का, आणि रोज डॉक्टर तिला एकेक मैलाचा दगड दाखवायचा, ज्याच्यावर आकडाच नाही.

दुभाषीला घोर लागला. घरी जाताना ती मनाशी वाद घालायची. विचारायची मोकळीक आहे ना आपल्याला? आहे. मग का विचारत नाहीस, की बाबा रे, सरळ सांग? पण ती मोकळीक कळलं नसेल तर. आपल्याला तर प्रत्येक शब्द कळतोय. कळलेलं ‘कळलं नाही’ म्हणून सांगायचं, आणि कोऱ्या ओळीत फुली मारून घ्यायची? शिवाय आपण कोण? आपण मधलं माणूस. असं स्वतःला बजावून ती झोपायचा प्रयत्न करायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, “आहे कसा तो मुलगा?” तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की तिला माहीतच नाही. इतके दिवस दोन्ही बाजूंचं सगळं तिच्याच तोंडून गेलं होतं. तो मुलगा जगतोय का मरतोय, हे काही तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी फोन आला. मशीनचा पाय चालू होता. डॉक्टरचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता.

डॉक्टर बोलला आणि ती त्याच्यामागून बोलली. “जिथवर पोचायची आम्हाला आशा होती, तिथून आपण फार लांब आहोत. आता त्याला त्रास होऊ नये, एवढ्याकडेच आमचं लक्ष आहे.”

“बरं केलंत,” आई म्हणाली. “त्रास नको व्हायला. फार सोसलंय पोरानं. म्हणजे आता आराम आहे ना त्याला?”

दुभाषीनं तेही इंग्रजीत नेलं. डॉक्टर म्हणाला, हो, तो आरामात आहे.

“देव पावला. मग डॉक्टर, आता निघू का? का अजून थांबू थोडं? पुढच्या आठवड्यात गणवेश हातावेगळे होतात. मग मी मोकळीच आहे. पुतण्या तिकीट काढून देतो म्हणालाय.”

डॉक्टर म्हणाला, हा निर्णय घरच्यांनीच घ्यायचा असतो. यात चूक-बरोबर असं काही नसतं. प्रत्येकाचा प्रवास वेगळा.

दुभाषीनं हे मराठीत सांगितलं. सांगताना तिला स्वतःच्या जिभेची किळस आली.

पलीकडे मशीनचा पाय हळूहळू चालू होता, कापड नसताना चालतो तसा.

“बाई,” आई म्हणाली, “डॉक्टरांना नका सांगू हे. मी तुम्हाला विचारते. तुम्ही रोज असले फोन ऐकता. माझ्या जागी तुमची आई असती, तर तिला काय सांगितलं असतंत? पाया पडते तुमच्या. निघू का मी?”

नियम असा की पलीकडून आलेलं काहीही गाळायचं नाही. ‘नका सांगू’ म्हटलेलंसुद्धा. दुभाषीनं सगळं इंग्रजीत सांगितलं, ‘पाया पडते’पर्यंत. सांगताना तिचा आवाज फाटला. डॉक्टरनं विचारलं, माफ करा, हे माझ्यासाठी होतं का?

तिनं पुढ्यातल्या टेबलाची कड धरली.

“दुभाषी विचारते आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “दुभाषीला कळलेलं नाही. पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही. डॉक्टरांनी रस्ता, लांब, जवळ, पुढं, मागं यातला एकही शब्द न वापरता सांगावं. हा मुलगा जगणार आहे का? नसेल, तर किती वेळ आहे?”

इथं दुसरा एक नियम होता. दुभाष्यानं एका बाजूला काही विचारलं, तर दुसऱ्या बाजूला ते लगेच सांगावं लागतं. कुणाच्या पाठीमागे बोलायचं नाही. उत्तर यायच्या आधी तिला हा प्रश्न आईला सांगावा लागला.

“दुभाषीनं डॉक्टरांना विचारलंय,” ती मराठीत म्हणाली, “की तुमचा मुलगा जगणार आहे का. आणि नसेल, तर किती वेळ आहे.”

मशीनचा पाय थांबला. महिनाभर ज्या बाईनं हा प्रश्न ‘त्याचं काही’ म्हणून अर्धवट सोडला होता, तिच्यापुढे तो आता सबंध उभा होता.

डॉक्टरनं घसा साफ केला. या वेळी त्याचं वाक्य फार लहान होतं.

“नाही,” दुभाषी म्हणाली. “तो जगणार नाही. आज जाईल. काही तास आहेत.”

पलीकडून रडणं आलं नाही. रडणं आलं असतं तर बरं, असं दुभाषीला वाटलं.

“आणि मी विचारत होते तेव्हा?” आई म्हणाली. “रोज विचारत होते मी. दोन दिवसांचा तर प्रवास आहे. गेल्या आठवड्यात सांगितलं असतंत, तर आज मी त्याच्या उशाशी असते. का नाही सांगितलंत?”

दुभाषीनं ते डॉक्टरला विचारलं. एकही शब्द मऊ केला नाही.

“मला आशा होती,” डॉक्टरचं उत्तर तिनं आईला सांगितलं. “मला वाटलं, तुम्हाला धीर द्यावा. माझं चुकलं.” ही वाक्यं डॉक्टरची होती. पण बोलताना तिला कळत होतं की ती आपलीही आहेत. आईला ते कळलं का, कोण जाणे. तिनं ना डॉक्टरला दोष दिला, ना बाईला. तिनं एवढंच विचारलं,

“त्याच्या कानाला फोन लावता येईल?”

डॉक्टरनं फोन एका नर्सच्या हातात दिला आणि तो बाहेर गेला. नर्स नुकतीच पाळीवर आली होती, तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. तिनं फोन मोठ्या आवाजावर केला आणि उशीवर ठेवला. यंत्राचा श्वास ऐकू यायला लागला. आत जाणारा, बाहेर येणारा.

“बाळा,” आई म्हणाली. “ऐकतोयस ना? आई बोलतेय. निघाले बरं का मी.”

दुभाषीला आधी कळलंच नाही. मग जिभेनं आपलं काम केलं. नर्ससाठी तिनं इंग्रजीत सांगितलं, ‘मी निघालेय.’

“गाडीत बसलेय. खिडकीची जागा मिळाली. तू म्हणायचास ना, खिडकी धर, म्हणजे उलटी होत नाही. धरलीय. सामान फार घेतलं नाही. तुझा जाड स्वेटर तेवढा आणलाय.”

‘गाडीत बसलेय. खिडकीची जागा मिळाली.’ दुभाषी सांगत गेली. आई अजून दुकानातच होती. तिच्या मागून रस्त्यावरच्या कुणाची तरी हाक ऐकू येत होती, कुणीतरी पडदे झाले का विचारत होतं. आईनं त्याला उत्तर दिलं नाही.

“घाबरू नकोस हं. उतरले मी. तुझ्या गल्लीत आलेय. एकाला पत्ता विचारला, चांगला माणूस होता, सोबत आला वळणापर्यंत. जिना केवढा रे तुमचा! थांब, दम खाऊ दे जरा. आता मी काही तरणी नाही राहिले.” आणि ती खरंच धापा टाकत होती.

दुभाषीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण आवाज तिनं सांभाळला. ‘तुझ्या गल्लीत आलेय. जिना चढतेय. दम खाऊ दे जरा.’ काचेपलीकडे कान येऊन उभा राहिला होता. तिनं त्याच्याकडे पाठ केली.

नर्सचा आवाज आला. तरुण, मायाळू आवाज. बरं झालं, आई पोचताहेत. अजून किती लांब आहेत त्या?

हे गिळून टाकावं, असं दुभाषीला जिवाच्या आकांतानं वाटलं. इतक्या वर्षांत एकही वाक्य तिनं गिळलं नव्हतं. पण यापूर्वी तिनं आपल्या बुद्धीनं जे काही गोड केलं होतं, त्यानंच या बाईचे दिवस खाल्ले होते. आज काय द्यायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवणारी ती कोण?

“आई, बरं झालं तुम्ही पोचताय,” ती मराठीत म्हणाली. “अजून किती लांब आहात?”

आईनं क्षणभरही विचार केला नाही.

“हे काय, आलेच,” ती म्हणाली. “त्याला सांगा, डोळे मिटून पड स्वस्थ. मी दारात आहे. दार तेवढं उघडा म्हणावं.”

दुभाषीनं ते जसंच्या तसं सांगितलं. ‘मी दारात आहे. दार उघडा.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नर्सची पावलं गेली आणि तिनं दार उघडलं.